प्रतिसाद: गीतरामायण आणि शफल

शफलवर गीतरामायण ऐकलं की क्रम मोडतो आणि सगळा रस जातो, हे वरचं म्हणणं मला नाही पटलं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एकच नवं गाणं यायचं, एकूण ५६. म्हणजे पहिल्या श्रोत्यांनाही ते सुटं सुटंच मिळालं की! आणि तेव्हा सगळं बाबूजी (संगीतकार-गायक सुधीर फडके) एकटे गात नव्हते, सीतेच्या गाण्यांना माणिक वर्मांचा आवाज होता.

माझ्याकडच्या फाइली कॅसेटवरून उतरवलेल्या, खरखरीसकट. परवा एका ठसकेबाज लावणीला लागूनच 'पराधीन आहे जगती' आलं. राम भरताची समजूत घालतोय ते गाणं. मागचंपुढचं काही नसताना ते मला उलट जास्तच भिडतं.