पॅरामेट्रिक म्हणजे नुसता पीळ नव्हे

पॅरामेट्रिक मॉडेलिंग म्हणजे एक माप बदललं की त्यावर अवलंबून असलेलं बाकी सगळं आपोआप बदलेल असं इमारतीचं कंप्युटर मॉडेल बनवणं. ही नुसती पिळदार टॉवर काढायची हौस आहे, असं काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. ६३२ मीटर उंच शांघाय टॉवरचा १२० अंशांचा पीळसुद्धा वेगवेगळे पर्याय विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडायच्या बोगद्यात, तपासून ठरला. त्यातून वाऱ्याचा भार सुमारे २४ टक्के घटला.

मला खरा उपयोग कळला तो इथे सांगलीत. २०१९ च्या महापुरानंतर एका बारा मजली इमारतीसाठी आम्ही ग्रासहॉपर या पॅरामेट्रिक मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्किंगची पातळीच स्लायडरवर, म्हणजे सरकवून आकडा बदलायच्या पट्टीवर, घेतली. ती एक मीटर वर सरकवली की १:८ उताराचा रॅम्प आठ मीटरने लांबायचा आणि गेटजवळचे दोन कॉलम आडवे यायचे. लगेच दिसायचं. हाताने प्रत्येक वेळी नवा प्लॅन काढावा लागला असता, आणि तसे तीनाच्या पुढे पर्याय कुणी काढत नाही.