मदत हवी आहे: मोटारसायकलच्या पाटीसाठी पोलिसी संकेत
नमस्कार. कॅलिफोर्नियात मोटारसायकलच्या मनपसंत नंबर प्लेटवर जास्तीत जास्त सहा अक्षरे किंवा अंक बसतात आणि अर्जात तीन पर्याय अर्थासह लिहावे लागतात, म्हणून पोलिसांच्या वायरलेस संकेतांपैकी एखादा विनोदी, पण नाकारला जाणार नाही असा संकेत कृपया सुचवावा. माझ्या बहुतेक फेऱ्या खाण्यासाठीच असल्यामुळे ‘कोड ७’, म्हणजे लॉस एंजेलिस पोलिसांची जेवणाची सुट्टी, हा पहिला पर्याय आहे. एरवी गाडी गॅरेजमध्येच असते, म्हणून दुसरा ‘१०-७’, अर्थात सेवेबाहेर. मानसिक रुग्णाला ७२ तास ठेवून घेण्याच्या कलमावरून आलेला ‘५१५०’ मित्र सुचवतात, पण आजाराची थट्टा मला रुचत नाही. संकेतांचे अर्थ खात्यागणिक बदलतात, तेव्हा हायवे पॅट्रोलमध्येही (राज्याच्या महामार्ग पोलिसांत) ‘कोड ७’चा हाच अर्थ आहे का, आणि तिसरा पर्याय कोणता द्यावा?