प्रतिसाद: डास पळवायचं लिक्विड मुलाने प्यायलं तर

वर कोणीतरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला सांगितलंय. कृपया तसं अजिबात करू नका. प्लगला लावायच्या रिफिलमध्ये ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन हे डासांवरचं कीटकनाशक असतं एक-दोन टक्क्यांच्या आसपास. बाकी बहुतेक सगळं वास काढलेलं रॉकेलच. खरा धोका या रॉकेलचा. ते पातळ असल्यामुळे गिळताना ठसका लागला किंवा उलटी झाली की सहज श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते. पोटात गेलेल्यापेक्षा छातीत गेलेले काही थेंब जास्त त्रास देतात. मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम वाढतं, तो वेगळाच धोका.

तोंडातलं ओल्या फडक्याने पुसून घ्या, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा. दूध-तूप काही पाजू नका. रिफिल सोबत घ्या, किती रिकामी झाली ते डॉक्टरांना दाखवा. खोकला, धाप, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, गुंगी, झटके, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८. मूल खेळत असलं तरी दवाखान्यात न्याच. साधारण सहा तास लक्ष ठेवावं लागतं, कारण धाप उशिरा लागू शकते.

अंगाला लावायचं क्रीम बोटावरून चाटलं असेल तर सहसा तोंड पुसून घोटभर पाणी पुरतं. कापूर गिळला असेल तर मात्र थांबूच नका, काही मिनिटांत झटके येऊ शकतात.

दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं: १८०० ११६ ११७.