क्रूझवरच्या गाला संध्याकाळी आई-बाबांनी काय घालावं?

मृणाल_रेडिंग

नमस्कार मंडळी. आई-बाबांच्या लग्नाला सप्टेंबरात ४० वर्षं होतायत. दोघं साताऱ्याहून आमच्याकडे येणार आहेत आणि तिथून पुढे भावाकडे न्यू जर्सीला जायचंय. मुंबई-लंडन विमान कसंबसं सोसू, पण पाठोपाठ दुसरं नको, असं बाबांनी बजावलंय (गुडघे). म्हणून आम्ही चौघं साउदॅम्प्टनहून क्युनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी २ या जहाजाने न्यूयॉर्कला जातोय. सात रात्री.

अडचण कपड्यांची आहे. आमच्या फेरीत दोन 'गाला इव्हनिंग' आहेत, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या संध्याकाळी. एक काळ्या-पांढऱ्या कपड्यांची, दुसरी मुखवट्यांची. पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट, वर बो नाहीतर टाय. बाबा निवृत्त शिक्षक. आयुष्यभर अर्ध्या बाह्यांचा शर्ट, तोही पँटच्या बाहेर. "स्वतःच्या लग्नात कोट घातला नाही, आता समुद्रात कोण बघायला येणार आहे?" हे त्यांचं म्हणणं. आईचं नेमकं उलटं. तिने आत्ताच सात साड्या काढून पलंगावर मांडल्यात, त्यात दोन पैठण्या.

बाबांना टायशिवाय काय चालेल? आईला जहाजावर पैठणी झेपेल का? मुखवटा घालावाच लागतो का? नवरा ऑफिसचा सूट घालणार आहे, त्याची काळजी नाही.

चिंचगुळ

बंदगळा! प्रश्न मिटला. क्युनार्डच्या नियमात डिनर जॅकेट आणि गडद सुटाच्या जोडीला आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही मान्य आहे. काळा किंवा गडद निळा बंदगळा, खाली त्याच कापडाची पँट. टायचा प्रश्नच येत नाही, गळा बंदच असतो.

वऱ्हाडी_ठेचा

मला एक समजत नाही. सुट्टीवर जायचं, पैसे आपण भरायचे, आणि वर कपडे कुठले घालायचे ते त्यांनी सांगायचं? त्यापेक्षा नॉर्वेजियनसारख्या कंपनीचं जहाज घ्या, तिथे फॉर्मल रात्र नावाची भानगडच नाही. किंवा त्या दोन दिवशी सरळ बुफेत जेवा. काका बरोबर बोलतायत.

चिंचगुळ

ठेचाभाऊ, नॉर्वेजियनचं जहाज साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला दर पंधरवड्याला सुटत नाही हो. ठरलेल्या वेळापत्रकाने अटलांटिक ओलांडणारं हे एकच उरलंय. बुफेत जेवता येतं, खरं आहे. किंग्ज कोर्ट म्हणतात त्याला, शिवाय गोल्डन लायन नावाचा पब आहे, तिथे साध्या नीटनेटक्या कपड्यांत बसता येतं. पण त्या संध्याकाळी बॉलरूम आणि मुख्य डायनिंग हॉल तुम्हाला बंद. लग्नाच्या चाळिसाव्या वर्षी आईने पैठणी नेसून ट्रे घेऊन बुफेच्या रांगेत उभं राहायचं का?

कुडाळचो_दर्यावर्दी

मृणालताई, मी बरीच वर्षं क्रूझवर डायनिंगमध्ये होतो (वेगवेगळ्या कंपन्या, नावं नको). आमच्या पट्ट्यातले आणि गोव्याचे खूपजण या लाइनीत. दारापाशी उभं राहून हजारो माणसं आत येताना बघितली, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिलं म्हणजे बाबांना सांगा, सगळेच काही सिनेमातल्यासारखे टक्सिडोत (डिनर जॅकेटात) नसतात. क्युनार्डवर बाकी कंपन्यांपेक्षा जास्त दिसतील हे खरं, पण साध्या गडद सुटातले आजोबाही भरपूर. स्कॉटलंडचे लोक किल्ट घालून ऐटीत येतात, खाली लोकरी मोजे, मोज्यात खोचलेली सुरी. त्यांच्या शेजारी बंदगळा घातलेला माणूस म्हणजे एकदम सोज्ज्वळ. दारात आम्ही अडवायचो ते बर्म्युडा, टोपी, फाटकी जीन आणि रबरी चपला. तेही बाजूला घेऊन, हळू आवाजात. भारतीय पोशाखाला कोणी अडवल्याचं मला आठवत नाही. उलट साडीवाल्या बाईच्या टेबलापाशी शेजारच्या टेबलावरच्या आज्या कापड हात लावून बघायला यायच्या.

दुसरं पायताण. याच्यावर कोणी बोलत नाही आणि माणसं इथेच पडतात. बंदगळ्याखाली मोजडी किंवा कोल्हापुरी शोभते, पण चामडी तळ गुळगुळीत फरशीवर सरकतो, आणि फरशी स्वतःच हलत असते! मोच्याकडून तळाला पातळ रबर लावून घ्या नाहीतर साधे काळे बूट घाला. आईंनाही टाचा नकोत. डेकवर जायच्या दारांना उंबरा असतो, चांगला उंच, तिथे निऱ्यांत पाय अडकतो. साडी घरी नेसतात त्यापेक्षा दोन बोटं वर नेसायची. फोटोत कळत नाही.

तिसरं, प्रवासी इस्त्री किंवा वाफेची इस्त्री बॅगेत टाकू नका. आगीची भीती म्हणून स्कॅनिंगमध्ये काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. क्वीन मेरीवर प्रवाशांसाठी लाँड्रीच्या खोल्या आहेत, तिथे इस्त्री असते, फुकट. फक्त गालाच्या दिवशी संध्याकाळी पाचला जाऊ नका, बायाबापड्यांची रांग आणि भांडणं. सकाळी उरकून घ्या.

आणि मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतात, खोलीपाशी कधी येतील त्याचा नेम नाही. पहिल्या संध्याकाळचे कपडे, औषधं आणि चष्मा हातातल्या पिशवीत. पहिल्या रात्री गाला ठेवत नाहीत ते त्याचसाठी.

घडीची_साडी

दर्यावर्दी, टाळ्या! दोन बोटं वर, शंभर टक्के.

आता साड्यांबद्दल माझ्याकडून. मृणाल, त्या दोन पैठण्या हातमागाच्या आहेत की सेमी? फरक पडतो. येवल्याची हातमागावरची असेल तर पदर आणि काठ मागूनपुढून सारखेच दिसतात. वाऱ्याने पदर उलटला तरी कोणाला कळत नाही, शिवाय मागे सुटे धागे नसतात. सेमी पैठणीत यंत्रावरचं विणकाम, मागच्या बाजूला धागे मोकळे लोंबत असतात. ते जोडव्यात, बांगडीत, खुर्चीच्या नक्षीत अडकतात. मी एकदा जहाजाच्या जिन्यात जोडव्याला अडकलेली साडी सोडवत पाच मिनिटं एका पायावर उभी होते. मागे जपानी पर्यटकांचा अख्खा गट शांतपणे थांबलेला. सेमी नेसायची असेल तर काठाला आतून जाळीचं कापड लावून घ्या, फॉल-पिकोवाले करून देतात.

सात साड्या नका नेऊ. दोन गालासाठी, आणि बाकीच्या रात्रींना हलकी माहेश्वरी, चंदेरी किंवा इरकल. त्या चुरगळल्या तरी चांगल्या दिसतात. काळ्या-पांढऱ्याच्या रात्री काळी चंद्रकळा असेल तर बघा. काळी साडी लग्नाच्या वाढदिवसाला नको असं आई म्हणाल्या, तर पांढऱ्या-सोनेरी काठाची. त्या रंगाचा आग्रह कोणी धरत नाही, जांभळी नेसली तरी आत घेतात.

पैठणी मलमलच्या जुन्या धोतरात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको आणि डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका. घडीचे कोपरे बदलून ठेवा. परकर सॅटिनचा नको, सुती घ्या, म्हणजे जहाज डुललं तरी साडी जागची हलत नाही. पिना दुप्पट. आणि एक शाल! डायनिंगमध्ये एसी इतका असतो की सूप येईपर्यंत माणूस गारठतो.

दादरची_पोर

केबिनच्या भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हुक चिकटतात. चार-सहा न्या. साडी टांगायला, बंदगळा टांगायला, ओळखपत्र लटकवायला. कपाटात हँगर कधीच पुरत नाहीत. माझ्या सासूबाईंनी एका हुकवर जपमाळ टांगली होती.

शून्यबिंदू

थोडं अवांतर. आम्ही सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला चाललोय, तिथेही हे सगळं असतं का? मुलगा १४ वर्षांचा, तो टी-शर्ट सोडून काही घालत नाही.

चिंचगुळ

@शून्यबिंदू, तीन ते पाच रात्रींच्या फेरीत बहुधा एकच फॉर्मल रात्र असते, सातच्या फेरीत दोन. अमेरिकन कंपन्या क्युनार्डपेक्षा बऱ्याच सैल आहेत. कार्निव्हल तिला 'एलिगंट नाइट' म्हणते, सेलिब्रिटी 'ईव्हनिंग शिक'. नुसता कॉलरचा शर्ट आणि फुल पँट असली तरी निभतं. चौदा वर्षांच्या मुलाला कुर्ता द्या, त्याला तो सुटापेक्षा बरा वाटेल. नाही वाटला तर पिझ्झा असतोच.

निवृत्त_लेखापाल

मृणालताई, तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून लिहितो. माझाही असाच हट्ट होता. माझ्या मुलाने टक्सिडो भाड्याने आणला. खांद्यात ढगळ, पोटावर तंग, आणि तो बो मानेला टोचत होता. पूर्ण जेवणभर मी लग्नातला बँडवाला वाटत होतो. भाड्याचं आणू नका. बंदगळा शिवायचा तर आपल्या गावात, आपल्या शिंप्याकडे, आणि ट्रायलला त्यांना खुर्चीत बसवून बघा. उभं राहून सगळंच बसतं. जेवताना मान खाली घालायची असते, तेव्हा कॉलरचं हुक गळ्यात रुततं. गळ्याला एक बोट जागा ठेवायला सांगा आणि कमरेला आत दाब जास्त सोडायला सांगा, क्रूझवर सात दिवसांत लागतो. कापड टेरीवूल, आस्तर पूर्ण. मखमल नको, लग्नातल्या नवऱ्याच्या काकासारखं दिसतं.

मुखवट्याचं म्हणाल तर चष्म्यावर तो बसत नाही. मी हातात धरून फोटो काढला आणि खिशात ठेवला.

मृणाल_रेडिंग

सगळ्यांचे खूप आभार! लेखापाल काका, 'दाब जास्त' हे मी शब्दशः आईला फोनवर वाचून दाखवलं, बाबा मागून हसत होते. ते शिवायला तयार झालेत, पण अट घातलीय की पुढे भावाच्या लग्नातही तोच घालणार, दुसरा शिवायचा नाही. पोपटी पैठणी येवल्याची निघाली, मरून सेमी. मरून घरी राहणार.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे शेवटी काकांनी कोट शिवलाच. मी एकटा पडलो.

मृणाल_रेडिंग

(ऑक्टोबर) परत आले, कसं झालं ते लिहिते.

बंदगळा गडद निळा, सातारच्याच शिंप्याकडचा. पहिल्या गालाला बाबा दाराशी थबकले, आत सगळा काळा रंग बघून. टेबलावर ग्लासगोचे एक निवृत्त मुख्याध्यापक निघाले, किल्टमध्ये. दोघांचं इंग्रजी एकमेकांना अर्धंच कळत होतं, पण दहावीच्या निकालांवर दीड तास बोलले. कॉलरचं हुक सूप येताच उघडलं, तसंच राहू दिलं.

पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं, हे आम्ही विसरलो होतो. बाबा पहाटे तीनला जागे. चौथ्या दिवसापासून ते बंदगळा घालूनच सकाळी ग्रंथालयात जाऊन बसायला लागले, कारण तिथे एसी जास्त आणि स्वेटर मोठ्या बॅगेत तळाशी. तेव्हा शिलाई वसूल.

आईची पोपटी पैठणी काळ्या-पांढऱ्या रात्री! कोणीही काही म्हणालं नाही. दर्यावर्दी म्हणाले तसं झालं, एक नाही, तीन आज्या येऊन पदराचे मोर मोजून गेल्या. क्वीन्स रूममध्ये (जहाजाची बॉलरूम) वॉल्ट्झ चालू होता, आई-बाबा कडेला बसून बघत होते. नाचले नाहीत, बाबा पायाने ताल मात्र धरत होते. मुखवट्याच्या रात्री आईने इरकल नेसली. मुखवटा चष्म्यावर बसेना, तो आता तिच्या पोथीत खूण म्हणून आहे.

न वापरलेल्या वस्तू: तिसरी साडी, नवऱ्याचा दुसरा टाय, आणि मी हौसेने घेतलेले टाचांचे सँडल. दुसऱ्या दिवशी समुद्र जरा उसळला आणि ते घालायची छाती झाली नाही. माझी म्हणजे. चुंबकाचे हुक सहाही लागले.

फोटोग्राफर जिन्यापाशी पडदे लावून उभे असतात, फोटो काढून घ्यायला पैसे नाहीत, विकत घ्यायला चांगलेच आहेत. आम्ही एक घेतला.

कुडाळचो_दर्यावर्दी

एक नंबर! पायात काय घातलं होतं बाबांनी?

मृणाल_रेडिंग

कोल्हापुरीच. तळाला रबर लावून.

शून्यबिंदू

ताई, सातारच्या त्या शिंप्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? मुलाला नाही, मलाच शिवायचाय.

मृणाल_रेडिंग

केला. दिवाळीच्या आत जमणार नाही म्हणतायत ते, आत्ताच सांगून ठेवते.