बेसबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोणाला म्हणावे?

नोंदवही (प्रश्न)

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये सर्वश्रेष्ठ कोण, हा विषय निघाला की बेब रूथ, विली मेज, हँक आरन, बॅरी बाँड्स आणि अलीकडे शोहेई ओतानी ही नावे हटकून पुढे येतात. माझी अडचण अशी की प्रत्येकाचा समर्थक वेगळीच मोजपट्टी हातात घेतो आणि चर्चा जिथल्या तिथे राहते. नुसते होम रन (एकाच फटक्यावर मैदानावरचे चारही थांबे, म्हणजे बेस, पार करून काढलेली धाव) मोजायचे ठरवले, तर बाँड्स ७६२, आरन ७५५, रूथ ७१४ आणि मेज ६६० असा क्रम लागतो आणि प्रश्न तिथेच मिटायला हवा. प्रत्यक्षात तसे फारसे कोणी मानत नाही. पहिल्या क्रमांकावरच्या बाँड्सला तर हॉल ऑफ फेमची (महान खेळाडूंच्या मानाच्या दालनाची) दारेही उघडलेली नाहीत.

म्हणून मला जाणकारांकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. खेळाडू आपल्या समकालीनांपेक्षा किती पुढे होता हे पाहायचे, की त्याच्या समोरची स्पर्धा किती खडतर होती हे पाहायचे? आणि बॅटिंगच्या आकड्यांच्या तुलनेत पिचिंग (बॅटरला चेंडू टाकणे), क्षेत्ररक्षण आणि बेसवरची धाव यांना किती वजन द्यायचे? कृपया नुसते नाव सांगू नये, त्यामागचे कारणही लिहावे.

डावखुरा

माझे उत्तर बेब रूथ, आणि ते ७१४ या आकड्यामुळे नाही.

१९२० चा हंगाम पाहा. रूथने त्या वर्षी ५४ होम रन मारले. अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगचे दोन भाग: अमेरिकन आणि नॅशनल लीग) त्याच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या जॉर्ज सिस्लरचे होते १९. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, न्यूयॉर्क यांकीज वगळता त्या लीगमधल्या एकाही संपूर्ण संघाला त्या वर्षी ५४ होम रन मारता आले नाहीत. एका माणसाने आपल्या समकालीनांना इतके मागे टाकल्याचे दुसरे उदाहरण या खेळात मला सापडत नाही. त्या वर्षी स्पिटबॉलवर (थुंकी लावून टाकलेल्या चेंडूवर) निर्बंध आले आणि पुढे मळलेले चेंडू वरचेवर बदलले जाऊ लागले, त्यामुळे बॅटरांचे काम सोपे झाले हे खरे आहे. पण नियम बदलले ते सर्वांसाठी, आणि त्यातून ५४ काढले ते एकट्याने. शिवाय आदल्या वर्षी, म्हणजे जुन्या परिस्थितीतच, त्याने २९ होम रन मारून १८८४ पासून उभा असलेला २७ चा विक्रम मोडला होता.

आता ज्या भागाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, त्याकडे वळतो. बॅटर म्हणून प्रसिद्ध होण्याआधी रूथ बोस्टन रेड सॉक्सचा अव्वल डावखुरा पिचर होता. १९१६ मध्ये त्याने ३२३ हून अधिक इनिंग टाकल्या (एका सामन्यात साधारण नऊ इनिंग असतात), नऊ इनिंगमागे १.७५ अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा) ही लीगमधली सर्वोत्तम सरासरी राखली, आणि त्या संपूर्ण हंगामात त्याच्या पिचिंगवर एकही होम रन बसला नाही. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमधील (हंगामाअखेरच्या अजिंक्यपद मालिकेतील) ब्रुकलिनविरुद्धचा दुसरा सामना चौदा इनिंग चालला. पहिल्याच इनिंगमध्ये रूथने एक धाव दिली, ती मैदानातच राहिलेल्या चेंडूवर पळून काढलेल्या होम रनची. त्यानंतर तेरा इनिंगहून अधिक काळ त्याने ब्रुकलिनला धाव घेऊ दिली नाही आणि बोस्टनने सामना २-१ असा जिंकला. चौदाच्या चौदा इनिंग त्याने एकट्याने टाकल्या. १९१८ च्या वर्ल्ड सिरीजमधली कामगिरी धरून वर्ल्ड सिरीजमध्ये सलग २९ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग धाव न देण्याचा त्याचा विक्रम १९६१ पर्यंत टिकला.

पिचर म्हणून एकंदर ९४ विजय, ४६ पराभव आणि २.२८ ची सरासरी. एवढ्यावर एखाद्याची कारकीर्द सन्मानाने संपली असती. रूथच्या बाबतीत ही केवळ प्रस्तावना होती.

अनुपस्थित

रूथविषयीचे सर्व आकडे मान्य आहेत, परंतु ‘समकालीन’ म्हणून आपण कोणाला मोजतो, हे आधी ठरवले पाहिजे. रूथच्या संपूर्ण कारकिर्दीत मेजर लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला खेळू दिले गेले नाही. जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला तो १५ एप्रिल १९४७ रोजी, आणि सर्वांत शेवटी बोस्टनने १९५९ मध्ये आपल्या संघाचे दार उघडले. ऑस्कर चार्ल्स्टन, सॅचेल पेज, जॉश गिब्सन हे सगळे कृष्णवर्णीय खेळाडू रूथचे समकालीन होते. रूथने त्यांना ‘मागे टाकले’ असे म्हणता येत नाही, कारण त्यांना त्याच मैदानावर उभेच राहू दिले गेले नव्हते.

मे २०२४ मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील नीग्रो लीगच्या (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगच्या) नोंदी अधिकृत आकडेवारीत सामावून घेतल्या. त्यानुसार कारकिर्दीची सर्वोच्च बॅटिंग सरासरी (यशस्वी फटक्यांचे प्रमाण) आता जुना महान बॅटर टाय कॉबची नसून जॉश गिब्सनची, .३७२ आहे. स्लगिंगमध्येही (प्रत्येक संधीमागे फटक्यांतून मिळवलेल्या बेसच्या सरासरीतही) रूथचा .६९० हा आकडा मागे पडला आणि गिब्सनचा .७१८ हा पहिला ठरला. नीग्रो लीगचे अधिकृत हंगाम लहान असत, त्यामुळे गिब्सनच्या नावावर सामने कमी आहेत, हा आक्षेप मला ठाऊक आहे. मात्र सामने कमी का होते, याचे उत्तर गिब्सनकडे मागणे अन्यायाचे होईल. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, रॉबिन्सनच्या पदार्पणाला तीन महिने राहिले असताना तो वारला.

महान बॅटर टेड विल्यम्सने १९६६ मध्ये कूपर्सटाउन येथे हॉल ऑफ फेमचा सन्मान स्वीकारताना पेज आणि गिब्सन यांनाही तिथे स्थान मिळावे, असे जाहीरपणे सांगितले होते. पेजला ते १९७१ मध्ये मिळाले, गिब्सनला १९७२ मध्ये. सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवताना १९४७ पूर्वीच्या कोणत्याही आकड्याला, तो रूथचा असो वा कॉबचा, मी पूर्ण गुण देऊ शकत नाही.

मध्यमैदान

वरील प्रतिसादातील मुद्दा मान्य केला की माझ्या मते उत्तर विली मेज असे येते. बेसबॉलमध्ये खेळाडू पारखण्याची पाच कसोट्यांची जुनी रीत आहे: सरासरी राखून बॅटिंग, फटक्यातली ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि थ्रो. या पाचही गोष्टींत अव्वल असलेले खेळाडू मोजके, आणि त्या वीस वर्षे टिकवून धरणारा एकच. मेजने ६६० होम रन मारले, १९५६ ते १९५९ अशी सलग चार वर्षे नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक बेस चोरले (फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठला), १९५४ मध्ये .३४५ च्या सरासरीने बॅटिंगचा किताब घेतला आणि सेंटर फील्डमध्ये (मैदानाच्या मागच्या मधल्या भागात) बारा गोल्ड ग्लव्ह मिळवले. गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मुळात १९५७ मध्ये सुरू झाला. त्याआधीची त्याची वर्षे त्यात धरलेलीच नाहीत.

१९५४ च्या वर्ल्ड सिरीजमधला त्याचा झेल सर्वांना माहीत असतो, पण तो प्रसंग पूर्ण पाहिला पाहिजे. मेजच्या न्यूयॉर्क जायंट्सचे मैदान पोलो ग्राउंड्स, पहिला सामना, आठवी इनिंग, गुणफलक २-२. क्लीव्हलँडचे दोन खेळाडू बेसवर होते, दुसऱ्यावर लॅरी डोबी आणि पहिल्यावर अल रोझेन, आणि बाद कोणीच नव्हते. व्हिक वर्ट्झने चेंडू सेंटर फील्डच्या खोल भागात, चारशे फुटांहून लांब टोलवला. मेज पाठ फिरवून कुंपणाच्या दिशेने धावत सुटला आणि त्याने चेंडू खांद्यावरून, वळून न पाहता, ग्लव्हमध्ये घेतला. लोक इथे थांबतात. माझ्या दृष्टीने खरा खेळ यानंतरच्या क्षणात आहे: झेल घेतल्याबरोबर, टोपी डोक्यावरून उडाली असताना, त्याने गिरकी घेऊन चेंडू इन्फिल्डकडे (बेस असलेल्या आतल्या भागाकडे) फेकला. इतक्या लांबच्या झेलावर दुसऱ्या बेसवरून थेट होमपर्यंत पळता आले असते. डोबीला तिसऱ्यावरच थांबावे लागले आणि रोझेन पहिल्यावरून हलू शकला नाही. क्लीव्हलँडला त्या इनिंगमध्ये धाव मिळाली नाही. दहाव्या इनिंगमध्ये डस्टी ऱ्होड्सने त्याच मैदानाच्या उजव्या कडेला जेमतेम २६० फुटांवर चेंडू टोलवला, तो होम रन ठरला आणि जायंट्सने सामना ५-२ असा जिंकला. हंगामात १११ सामने जिंकून आलेला क्लीव्हलँडचा संघ ती मालिका ४-० अशी हरला.

चारशे फुटांहून लांबचा फटका झेलबाद आणि २६० फुटांचा होम रन, हे एकाच सामन्यात, एकाच मैदानावर घडले. त्यामुळे केवळ होम रनच्या एकूण संख्येवरून दोन खेळाडूंची तुलना करणाऱ्यांनी आपला आग्रह थोडा सैल करावा असे मला मनापासून वाटते.

दुसरी बाब अशी की मेजचा १९५२ चा बहुतांश आणि १९५३ चा संपूर्ण हंगाम लष्करी सेवेत गेला. परत आला त्या १९५४ च्या हंगामातच त्याने ४१ होम रन मारले आणि एमव्हीपीचा (हंगामातील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा) मान मिळवला. रूथ आणि त्याच्या ७१४-६६० या अंतराकडे पाहताना एवढे लक्षात ठेवावे.

नोंदवही

सर्वांचे आभार. मेजच्या बाजूचे विवेचन मला बरेच पटते आहे. तरीही बाँड्सविषयी कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. त्याच्यावरील स्टिरॉइडचे आरोप बाजूला ठेवून केवळ मैदानावरच्या कामगिरीचा विचार करता येतो का?

तिसराबेस

करता येतो, आणि करायलाही हवा. कारण बाँड्सला पिचर किती घाबरत, हे सांगणाऱ्या नोंदी कोणत्याही सरासरीहून बोलक्या आहेत. २८ मे १९९८ च्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये ॲरिझोना डायमंडबॅक्स ८-६ असे पुढे होते, दोन बाद झाले होते आणि तिन्ही बेस भरलेले होते. अशा वेळी ॲरिझोनाने बाँड्सला मुद्दाम वॉक दिला (फटक्याविनाच पहिला बेस दिला), म्हणजे समोरच्या संघाला एक धाव स्वतःच्या हाताने बहाल केली, आणि पुढच्या बॅटरला बाद करून सामना ८-७ असा जिंकला. २००४ मध्ये त्याला २३२ वॉक मिळाले. त्यांपैकी १२० मुद्दाम दिलेले होते. त्या वर्षी त्याचे बेसवर पोहोचण्याचे प्रमाण .६०९ होते, म्हणजे दहापैकी सहा वेळा.

मात्र आरोप पूर्णपणे बाजूला ठेवता येत नाहीत, याचे कारण त्याच्या कारकिर्दीच्या आकारातच आहे. १९९८ अखेर त्याच्या नावावर ४११ होम रन, ४४५ चोरलेले बेस, आठ गोल्ड ग्लव्ह आणि तीन एमव्हीपी होते. तिथे थांबला असता तरी तो निर्विवाद महान खेळाडूंत गणला गेला असता. त्यानंतर, ज्या वयात फटक्यांतली ताकद ओसरते त्या वयात, २००१ मध्ये त्याने ७३ होम रन मारले आणि त्या वर्षापासून सलग चार एमव्हीपी मिळवले. आपण जाणूनबुजून स्टिरॉइड घेतले नाहीत, अशी त्याची साक्ष आहे. तरीही हॉल ऑफ फेमसाठी मतदान करणाऱ्या पत्रकारांनी २०२२ मध्ये, त्याच्या शेवटच्या संधीला, त्याला ६६ टक्के मते दिली. लागतात ७५ टक्के. माझे मत असे की १९९८ पर्यंतचा बाँड्स मेजच्या जवळ येतो, पुढे जात नाही. मेज हा त्याचा गॉडफादर, तेव्हा ही तुलना त्यालाही परकी नसावी.

डावखुरा

‘अनुपस्थित’ यांचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला आकड्यांनी उत्तर देता येणार नाही, हे मी मान्य करतो. परंतु पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करण्याचे मोल कमी लेखू नये. त्या कसोटीवर मी रूथनंतर मेजचे नव्हे, तर ओतानीचे नाव घेईन. रूथने दोन्ही कामे एकाच हंगामात खऱ्या अर्थाने केली ती १९१८ आणि १९१९ या दोनच वर्षी. ओतानीने ते अनेक हंगाम केले, आणि जगभरातून खेळाडू येतात अशा तीस संघांच्या लीगमध्ये केले. २०२२ मध्ये त्याने ३४ होम रन मारले आणि पिचर म्हणून २.३३ ची सरासरी राखून १५ सामने जिंकले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी मिलवॉकीविरुद्ध, डॉजर्सला वर्ल्ड सिरीजमध्ये नेणाऱ्या सामन्यात, त्याने सहा इनिंग एकही धाव न देता दहा जणांना स्ट्राइक आउट (चेंडू मारता न आल्याने बाद) केले आणि त्याच सामन्यात तीन होम रन मारले. रूथच्या कारकिर्दीतही असा एक दिवस मला दाखवता येत नाही.

मध्यमैदान

ओतानीचा तो सामना एकाच दिवसातली सर्वोत्तम कामगिरी म्हणायला माझी हरकत नाही. पण सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवताना मी सातत्य आणि रोजचे ओझे पाहतो. कोपरावरच्या दोन शस्त्रक्रियांमुळे ओतानीच्या पिचिंगमध्ये मोठे खंड पडले. २०२४ मध्ये तो ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस असा अपूर्व हंगाम खेळला, तेव्हा त्याने एकही चेंडू पिच केला नव्हता आणि क्षेत्ररक्षणाला तो उभा राहत नव्हता. हा दोष नाही, पण सेंटर फील्ड जवळजवळ रोज सांभाळून बॅटिंग करणे ही वेगळीच मेहनत आहे.

१९६० पासून मेज जायंट्सच्या सॅन फ्रान्सिस्कोमधील कँडलस्टिक पार्कवर खेळला, जिथला वारा बॅटरांचे चेंडू आत ढकलण्यासाठी कुप्रसिद्ध होता. त्या काळात नॅशनल लीगमध्ये समोर सँडी कोफॅक्स, बॉब गिब्सन आणि डॉन ड्रायस्डेल यांच्यासारखे पिचर होते, आणि त्यांच्यापैकी बॉब गिब्सनला तर रूथच्या काळात लीगमध्ये येऊही दिले गेले नसते. १९६५ मध्ये, कोफॅक्सने ३८२ स्ट्राइक आउट केले त्या हंगामात, ३४ वर्षांच्या मेजने ५२ होम रन मारले, गोल्ड ग्लव्ह राखला आणि दुसऱ्यांदा एमव्हीपी ठरला.