मदत हवी आहे: बाबांच्या पायाचं नख पिवळं, जाड झालंय. तपासणी न करता गोळ्या सुरू कराव्यात का?

गवतीचहा:
मंडळी, जरा सल्ला हवाय. बाबा ६८ वर्षांचे, गावी भातशेती करतात. दर पावसाळ्यात पायाला चिखल्या होतात, लावणी आटोपली की बऱ्या होतात, म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही. आता मात्र उजव्या अंगठ्याचं नख टोकापासून पिवळं-तपकिरी होत मुळाकडे सरकायला लागलंय. इतकं जाड झालंय की नेलकटरमध्ये बसतच नाही. त्यामुळे बाबा ब्लेडने तासत बसतात आणि खालून रव्यासारखा भुगा पडतो. शेजारच्या बोटालाही सुरुवात झालीय. दुखत नाही, बूट घातला की तेवढं टोचतं.

त्यांना डायबेटीस आहे, ग्लिमेपिराइड चालू आहे. कोलेस्टेरॉलसाठी रात्री अटोरव्हास्टॅटिन. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमात स्टेरॉइड निघालं, ते मी बंद करायला लावलं. काका म्हणतात व्हिनेगर लाव, आत्याचं मत कॅल्शियम कमी पडतंय. एका डॉक्टरांनी लांबूनच नख बघून इट्राकोनॅझोल हे बुरशीचं औषध लिहून दिलं, बाकी गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही विचारलं नाही. गोळ्या आणल्यात, पण द्यायला हात धजावत नाही. ही बुरशीच आहे हे ओळखायचं कसं? आणि दुखत नसेल तर औषध हवंच का?

भाकरतुकडा:
आधी ते ब्लेड काढून घ्या! डायबेटीसमध्ये पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग कापलं तरी कळत नाही. आणि दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. अशा पायात जाड नख खाली रुतून जखम होते, बुरशीमुळे सोललेल्या कातडीतून जंतू शिरतात आणि पाय सुजतो.

कढीपत्ता:
मी त्वचारोगाचीच प्रॅक्टिस करते, पण नख न पाहता निदान करणार नाही. तुमचं वर्णन बुरशीशी जुळतंय: टोकाकडून सुरुवात, पिवळेपणा, खाली भुगा, सोबत जुन्या चिखल्या. तरीही बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची निघतात. सोरायसिस (त्वचेचा एक आजार), बुटाचा सततचा मार, नुसतं वय, यांनीही नख असंच दिसतं. सोरायसिसमध्ये बऱ्याचदा हाताच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतात, तेवढे बघून घ्या. नखात काळा पट्टा असेल, तो रुंदावत असेल किंवा काळेपणा शेजारच्या कातडीवर उतरला असेल, तर मात्र वेळ न घालवता दाखवा, तो कॅन्सरही असू शकतो.

गोळ्या महिनोन् महिने घ्यायच्या असतात, म्हणून आधी तपासणी. नखाची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून मायक्रोस्कोपखाली बघतात, त्याचं उत्तर लवकर मिळतं. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघायला, तीन-चार आठवडे लागतात. नमुना कुठून घेतला यावर सगळं अवलंबून आहे. टोकाच्या सुट्या भुग्यात बुरशी बहुधा मेलेली असते, म्हणून नख मागे कापत जाऊन जिथे चांगलं आणि खराब नख भेटतं तिथून, नखाखालून खरवडायला सांगा. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी संशय असेल तर पुन्हा पाठवतात.

इट्राकोनॅझोल तूर्त देऊ नका. त्याने अटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. हार्ट फेल्युअर असेल तर ते नखासाठी देतच नाहीत. फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं दुसरं औषध कुणी सुचवलं तर ग्लिमेपिराइडचं आवर्जून सांगा, दोन्ही मिळून साखर खूप खाली जाऊ शकते. रिपोर्टमध्ये बुरशी आली तर सहसा पहिली पसंती टर्बिनाफिन: २५० मिग्रॅ रोज एक, पायाच्या नखासाठी १२ आठवडे. आधी लिव्हरची रक्ततपासणी. काहींची तोंडाची चव जाते, कावीळ दिसली तर गोळी लगेच थांबवायची. पण हे सगळं प्रत्यक्ष बघणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

हिरवीमिरची:
माझ्या दोन्ही अंगठ्यांना होतं. गोळ्यांचा कोर्स संपला तरी नख जसंच्या तसं पिवळं, मी तर पैसे गेले म्हणून बसले होते! मग मुळाशी स्वच्छ नखाची पट्टी दिसायला लागली. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष धरून चाला. सुरुवातीला मला अमोरोल्फिनचं लॅकर (नेलपॉलिशसारखं लावायचं बुरशीचं औषध) दिलं होतं, कानशीने घासून आठवड्याला लावायचं. नख मुळापर्यंत गेलेलं असेल तर नुसत्या लॅकरने फारसं होत नाही. व्हिनेगरने फक्त पायाला वास आला.

गवतीचहा:
खूप आभार. ब्लेड लपवलंय, बाबा चिडलेत. हातावर खड्डे नाहीत, काळा पट्टाही नाही. शनिवारी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेतेय, चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत घेते. एकच राहिलं: लावणी तोंडावर आलीय आणि ते शेतात उतरणारच. गमबूट घातले तर चालेल का?

कढीपत्ता:
चालेल, पण आत घाम साचला की तेच. रोज वेगळे सुती मोजे, घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करायच्या, बूट उलटे करून वाळवायचे. चिखल्याही शनिवारीच दाखवा. कातडीत बुरशी राहिली तर नख पुन्हा बिघडतं. नेलकटर आणि टॉवेल त्यांचा वेगळा ठेवा.