वर्गातला फळा काढून डिजिटल बोर्ड लावायचा का? माझा विरोध नेमका कशाला आहे ते सांगते, तुम्ही तुमचं सांगा

भूमितीच्या मॅडम, पश्चिम नागपूर

आमच्या शाळेत येत्या सत्रात आठवी ते दहावीच्या सगळ्या वर्गांत डिजिटल बोर्ड लागणार आहेत. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे कामाला अख्खा उन्हाळा मोकळा आहे. बोर्ड लागावा, मला तो हवाच आहे. पण त्याच भिंतीवरचा फळा काढून टाकायचा असंही घाटत आहे, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. संस्थेने बैठकीआधी शिक्षकांची मतं मागवली आहेत. माझं मत तिथे देण्याआधी इथे मांडते. पटलं नाही तर मोकळेपणाने सांगा.

मी गणित शिकवते, त्यातही जीव भूमितीत. जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर मी बरीच वर्षं वर्गात वापरते. ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी विद्यार्थी असताना 2001 मध्ये त्यावर काम सुरू केलं होतं. ते काय करतं ते एका उदाहरणाने सांगते. दहावीला आहे, अर्धवर्तुळात आंतरलिखित झालेला कोन काटकोन असतो. फळ्यावर मी अशा तीन-चार आकृत्या काढू शकते, आणि मुलं पुस्तकात लिहिलंय म्हणून मान्य करतात. पडद्यावर मात्र व्यासाची दोन टोकं पक्की ठेवायची आणि तिसरा बिंदू वर्तुळावरून बोटाने सरकवायचा. आकृती डावीकडे कलते, उजवीकडे कलते, बाजू लहान-मोठ्या होतात, आणि कोपऱ्यातला 90 चा आकडा हलत नाही. तेव्हा मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मॅडम, काहून नाही बदलत?" हा प्रश्न मला खडू-फळ्याने इतक्या लवकर कधी मिळाला नसता.

पण उत्तर शोधायला मी फळ्याकडेच जाते. केंद्रापासून तिसऱ्या बिंदूपर्यंत त्रिज्या काढली की दोन समद्विभुज त्रिकोण होतात. त्यांचे समान कोन खुणेने दाखवायचे. मग मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 मांडली की दोन खुणांची बेरीज 90 येते. हे हाताने काढताना मी मध्ये थांबते. पुढची रेघ कुठे काढू, असं विचारते. कुणी चुकीची रेघ सांगतं, तीही काढते, आणि ती का उपयोगाची नाही ते वर्ग पाहतो. बोर्डासोबत भरून आलेल्या धड्यात हीच सिद्धता मिनिटाच्या आत रंगीत होऊन संपते. सगळ्या माना हलतात. दुसऱ्या दिवशी तीच सिद्धता वहीत लिहायला सांगितली की पहिल्या ओळीनंतर पेन थांबतो.

म्हणून माझं म्हणणं असं. मुलाला प्रश्न पडायला लावणारं तंत्रज्ञान वर्गात यावं. मुलाच्या वाट्याची विचाराची मेहनत स्वतःच करून टाकणारं तंत्रज्ञान दहावीपर्यंत वर्गाबाहेर ठेवावं. भरून आलेले धडे या दुसऱ्या प्रकारातले. गृहपाठाचा फोटो काढला की उत्तर देणारे अ‍ॅप आणि नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून फोनोफोनी पोहोचलेला एआयसुद्धा त्यातलाच. नववीच्या वहीत वरच्या वर्गात शिकवतात ते सदिश वापरून केलेली सिद्धता येते, आणि सदिश म्हणजे काय ते त्या मुलाला सांगता येत नाही. त्याच्यावर रागवून काय उपयोग? मी त्याला फळ्यापाशी बोलावते आणि सोबत बसून त्याच्या पद्धतीने करून घेते.

खर्चाचंही बोलायला हवं. शाळांमधल्या संगणकांवर मोठा खर्च केलेल्या देशांच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या वाचन, गणित, विज्ञानाच्या निकालांत लक्षणीय सुधारणा दिसली नाही, असं ती चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या 2015 च्या अहवालात आहे. स्वीडनने 2023 मध्ये पुन्हा छापील पुस्तकांसाठी पैसा द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे बोर्डासाठी पैसा उभा राहतो, पण त्यावरचा धडा शिक्षकाने स्वतः तयार करावा म्हणून आठवड्यातली एक तासिका मोकळी मिळत नाही. बैठकीत मी फळा आणि तासिका, या दोन्ही गोष्टी मागणार आहे.

देवलापारकडचा गुरुजी

मॅडम, तुमच्या वर्गापुरतं तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही नियम सगळ्यांसाठी करून राहिल्या, म्हणून लिहितो.

माझी जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, आणि आम्ही दोन शिक्षक. एक जण केंद्रशाळेच्या बैठकीला गेला किंवा मतदारयादीच्या कामाला लागला की चारही वर्ग एकाकडे. मी तिसरी-चौथीला भागाकार शिकवतो तेव्हा पहिलीतली पोट्टी काय करतात? आधी पाटीवर एकच अक्षर गिरवत बसायची, नाहीतर व्हरांड्यात पळायची. आता दोन टॅबवर गटाने बसतात, अक्षर ऐकतात, बोट ठेवतात, चुकलं की परत ऐकतात. तुम्ही म्हणता, मेहनत करून टाकणारं तंत्रज्ञान बाहेर ठेवा. माझ्या वर्गात त्या अर्ध्या तासात त्या पोरांसमोर माणूसच नसतो. टॅब काढला तर त्या जागी शिक्षक येणार आहे का?

दुसरं, आमची अर्धी पोरं घरी गोंडी बोलतात. पाठ्यपुस्तकाची मराठी त्यांना पहिल्या वर्षी परकीच. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या मोफत संकेतस्थळावर गोंडीतल्या गोष्टी मिळाल्या, त्या मी मोठ्याने वाचतो. त्या गोष्टींतली बोली आमच्यापेक्षा थोडी वेगळी पडते, पोरं माझे शब्द दुरुस्त करतात, आणि त्या निमित्ताने वर्षभर गप्प बसलेलं लेकरू बोलतं. छापील पुस्तकाची वाट पाहत बसलो असतो तर हे झालं नसतं.

आणि भरून आलेला धडा म्हणजे विक्रेत्याचाच असतो असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. तेव्हा जिल्हा परिषदेचाच माणूस होता तो.

मिहानमध्ये नोकरी, मूळ महालचा

मॅडम, आकृती सावकाश घडत जाते आणि मुलं सोबत चालतात, हे वाचायला छान वाटलं. मी नागपुरातल्या महाल भागातल्या शाळेत साठ मुलांच्या वर्गात शिकलो. खडू एकाच वेगाने चालतो. तो वेग कोणाचा? पुढच्या दोन बाकांचा. मला अपूर्णांक पाचवीत सुटले ते सुटलेच, आणि नववीपर्यंत मी फळ्यावरचं फक्त उतरवून घेत होतो.

तुम्ही ओईसीडीचा अहवाल दिला. त्यात देशांची तुलना आहे, त्यावरून एखादं साधन चालतं की नाही हे ठरत नाही. दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरचा नीट प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेली मुलं आणि न निवडली गेलेली मुलं, अशी तुलना होती. मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांचा हा अभ्यास 2019 मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आला. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली वाढ दिसली. कारण सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता विचारत नव्हतं, त्याला जिथपर्यंत येतं तिथून सुरू करत होतं. सहावी ते नववीतली बहुतेक मुलं आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती, हेही त्यातूनच पुढे आलं. हे काम साठ मुलांपुढे उभा असलेला एक माणूस कितीही जीव लावला तरी करू शकत नाही. एआय तर मराठीत विचारलेला प्रश्नही समजून घेतो. तो दहावीपर्यंत बाहेर ठेवला तर नुकसान माझ्यासारख्या मागच्या बाकाचं होईल. पुढच्या बाकाला घरी शिकवणी असते.

भूमितीच्या मॅडम

माइंडस्पार्कचा अभ्यास मी वाचला आहे, आणि मला तो आवडतो. पण त्यात रोजच्या दीड तासातला अर्धा वेळ संगणकावर होता आणि उरलेला अर्धा वेळ छोट्या गटाला शिकवणारा माणूस होता. शाळा सुटल्यावर, वेगळ्या केंद्रात. आमच्या शाळेत जे येत आहे ते तसं नाही. एक पडदा, साठ चेहरे. पडदा खडूपेक्षा वेगाने धावतो, आणि अपूर्णांक सुटलेल्या मुलाला तिथे थांबा म्हणायचीही सोय नाही. तुमच्या उदाहरणावरून मागायचंच असेल, तर संगणक कक्षात प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीवरचा सराव मागायला हवा. तो मी आनंदाने मागेन.

गुरुजी, तुमचं वाचून थांबले. टॅब काढून तिथे शिक्षक येणार का, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मला भीती हीच वाटते की उद्या टॅब आहे म्हणून तिसरा शिक्षक देणार नाहीत.

मानेवाड्याची आई

मला एवढं शिकलेलं बोलता येत नाही, पण घरचं सांगते. दोन लेकरं, घरात एकच मोठा फोन, तो ह्यांच्यासोबत ड्यूटीवर जातो. ते रात्री येतात तेव्हा ग्रुपवर गृहपाठ येऊन पडलेला असतो. दहा वाजता फोन हातात घेऊन लेकरू वहीत उतरवून राहिलं असतं, आणि मध्येच रील चालू होतं. शाळेतल्या मीटिंगमध्ये आम्हाला सांगतात, मुलांना मोबाइल देऊ नका. मग गृहपाठ वहीत लिहून द्या ना मॅडम. फळ्यावर लिहा, लेकरं उतरवून घेतील.

पुस्तकं ऐकणारा, एम.ए., नागपूर विद्यापीठ

इथे सगळे फळा आणि पडदा यांची तुलना करत आहेत. मला दोन्ही दिसत नाहीत.

शाळेत गणिताच्या तासाला मी ऐकलेलं वाक्य म्हणजे "हे यातून वजा केलं की हे आलं." हे म्हणजे काय आणि यातून म्हणजे कशातून, ते फळ्यावर होतं. मॅडम, तुमची ती हळूहळू घडत जाणारी आकृती माझ्यासाठी खडूचा आवाज होती. दहावीत मी भूमितीचे गुण सोडून दिले, बाकी पाठांतरावर निभावलं.

कॉलेजात आल्यावर संगणकावर एनव्हीडीए मिळालं. मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरनी 2006 मध्ये सुरू केलेलं, फुकट मिळणारं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. मराठीही वाचतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक परिच्छेद माझ्या वेळेला, कुणाला विनंती न करता, परत परत वाचला. आता फोनवर आकृतीचा फोटो काढला तर एआय तिचं वर्णन करतं. कधी चुकतं, मग मित्राला विचारतो. तरी आधी विचारायलाही काही नसायचं. तुमचा "दहावीपर्यंत वर्गाबाहेर" हा नियम माझ्या शाळेत असता, तर तो माझ्यापुरता वाचनबंदीचा नियम झाला असता.

आणखी एक, जे शिक्षकांना बहुधा कुणी सांगत नाही. तुम्ही ग्रुपवर नोट्स पाठवता, त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या किंवा पानाचा फोटो काढलेल्या असतात. जुन्या फॉन्टचा मजकूर तुम्हाला मराठी दिसतो, पण आतून तो इंग्रजी अक्षरांचा घोळ असतो, आणि माझं सॉफ्टवेअर तोच घोळ वाचून दाखवतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी अक्षर म्हणूनच कळेल अशा पद्धतीने, टाइप केलं तर एक पैसाही जास्त लागत नाही. बोर्ड नंतर घ्या, आधी हे करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही माहिती आमच्यापर्यंत पोहोचेल अशा रूपात देणं ही सोय म्हणून नाही, हक्क म्हणून मान्य केलंय.

निवृत्त मुख्याध्यापक, सक्करदरा

1984 मध्ये केंद्र सरकारची क्लास नावाची योजना आली होती. देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. आमची शाळा त्यात नव्हती, याची तेव्हा मोठी खंत होती. पुढे टीव्ही आला, प्रोजेक्टर आला, संगणक कक्ष आला. प्रत्येक वेळी यंत्र आलं त्या वर्षी फोटो निघाले, आणि दुरुस्तीचा करार संपला त्या वर्षी खोलीला कुलूप लागलं. म्हणून मॅडमना माझी विनंती, बैठकीत पहिला प्रश्न हा विचारा की पाचव्या वर्षी बिघडलेला बोर्ड कोण दुरुस्त करणार आणि कुठल्या पैशातून.

पण फळा राखला म्हणजे शिकवणं राखलं, हे मला मान्य नाही. मी वर्ग तपासत फिरलो आहे. फळाभर उत्तरं लिहायची आणि मुलांनी ती उतरवायची, यालाच कित्येक वर्गांत शिकवणं म्हणत होते. मिहानवाल्या मुलाने लिहिलं आहे ते खोटं नाही. मॅडम थांबून प्रश्न विचारतात म्हणून त्यांचा फळा चालतो. न विचारणाऱ्याच्या हातात खडू द्या नाहीतर बोर्ड द्या, सारखंच.

भूमितीच्या मॅडम

एम.ए.च्या दादांचं पत्र मी त्यांची हरकत नसेल तर बैठकीत वाचून दाखवणार आहे. युनिकोडची मागणी माझ्या पत्रकात सगळ्यात वर जाईल. आणि वर्गात मी बिंदूंची नावं घेऊन बोलायला लागले आहे, हे आणि ते म्हणणं बंद. त्याने डोळस मुलांनाही नीट समजायला लागलंय.

एआयबद्दल मात्र मी माझ्या जागी ठाम आहे. वाचून दाखवणारा, वर्णन करणारा एआय वेगळा, आणि सिद्धता लिहून देणारा वेगळा. पहिला हवा, दुसरा शिकण्याच्या वयात नको. मिहानवाले दादा, तुमचे अपूर्णांक सुटले तेव्हा हातात तयार उत्तर देणारा फोन असता, तर ते सुटलेत हे नववीतसुद्धा कुणाला कळलं नसतं.

मिहानमध्ये नोकरी, मूळ महालचा

असंही तेव्हा कुणाला कळलं नव्हतं मॅडम. मला स्वतःला कळलं असतं, एवढा फरक पडला असता. मी न लाजता विचारू शकलो असतो.

देवलापारकडचा गुरुजी

मॅडम, त्या काटकोनाची जिओजेब्राची फाइल मला पाठवा, केंद्राच्या शिक्षण परिषदेत दाखवतो. पण पत्रकातून "दहावीपर्यंत वर्गाबाहेर" हे शब्द काढाच. तुम्ही आता जो फरक सांगितला, तो शब्दाशब्दाने लिहा. शहरातल्या चांगल्या शिक्षिकेचं असं एखादं वाक्य वर जातं, आणि खाली येईपर्यंत त्याचं परिपत्रक झालेलं असतं. मग तपासणीला आलेले साहेब माझ्या पहिलीच्या पोरांच्या हातातले टॅब काढून कपाटात ठेवायला लावतील, आणि मला त्यांना फरक समजावत बसावं लागेल.